मोरी तुंबणार, हे धरून



या व्यासपीठावर आजवर संतसाहित्यापासून सहकारापर्यंत बरंच काही बोललं गेलं आहे. मोरी बहुधा पहिल्यांदाच येते आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांची हयात रस्त्यांवर गेली, त्यामुळे त्यांना तरी हा विषय खटकला नसता, एवढ्या भरवशावर सुरुवात करतो.

रस्त्याच्या भरावाखालून ओढ्याचं पाणी पलीकडे काढून देणारं बांधकाम म्हणजे मोरी. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात सहा मीटर लांबीपर्यंत मोरी आणि त्यापुढे लहान पूल. पुलाचं उद्घाटन होतं, कोनशिला बसते. मोरीच्या नशिबी फक्त नंबर येतो, तोही गवतात बुडालेल्या दगडावर. मोरीकडे लक्ष जातं ते ती तुंबल्यावर. वणव्यानंतर ती कशी तुंबते आणि त्यावर काय करता येतं, हे आज सांगायचं आहे. उदाहरणं मुख्यतः अमेरिकेच्या पश्चिम भागातली आहेत, कारण या प्रश्नाची सर्वांत जास्त किंमत तिथं मोजली गेली आणि त्याच्या नोंदीही तिथंच नीट ठेवल्या गेल्या.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बिग सर नावाचा भाग आहे. एका अंगाला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या अंगाला सांता लुसियाची डोंगररांग आणि मधल्या उतारावर कोरून काढलेला हायवे वन. 1937 साली हा रस्ता खुला झाला. ऑगस्ट 2020 मध्ये इथं डोलन नावाचा वणवा पेटला. तो मुद्दाम लावलेला होता, तसा गुन्हा पुढे कोर्टात शाबीत झाला. 1 लाख 24 हजार एकरांहून अधिक क्षेत्र जळलं. पाच महिन्यांनी, जानेवारी 2021 च्या अखेरीस, महासागरावरून जोरदार पाऊस आला. 28 तारखेला रॅट क्रीक नावाच्या ओढ्यातून राख, माती, दगड आणि जळके ओंडके असा लोंढा खाली उतरला. भरावाखालच्या मोरीचं तोंड बुजलं. मागे पाणी चढत गेलं, रस्त्यावरून उलटलं आणि समुद्राकडचा भराव कुरतडत कुरतडत दोन्ही लेन घेऊन गेलं. जवळपास 150 फूट रस्ता उरलाच नाही. पावसाचा अंदाज पाहून वाहतूक आधीच बंद केली होती, म्हणून माणसं वाचली. रस्ता पुन्हा उभा करायला सुमारे 1 कोटी 15 लाख डॉलर लागले आणि 23 एप्रिलला तो सुरू झाला. सरकारी कामाच्या मानाने हा वेग थक्क करणारा आहे, हे मी खात्यातला माणूस म्हणून सांगतो.

आता, या मोरीचा दोष काय? ज्या कामासाठी ती बांधली होती ते तिनं वर्षानुवर्षं चोख केलं होतं. तिचं माप पाण्यासाठी घेतलेलं होतं. त्या दिवशी तिच्यापुढे जे आलं त्यात पाणी किती आणि डोंगर किती, हाच प्रश्न होता.

वणवा डोंगराचं नेमकं काय करतो ते पाहू. पहिली गोष्ट डोळ्यांना दिसते. झाडोरा आणि पालापाचोळा जातो, पावसाचा थेंब अडवायला काही उरत नाही, पाणी थेट मातीवर आपटतं. दुसरी गोष्ट दिसत नाही. झुडपांच्या पानांत मेणासारखे पदार्थ असतात. आगीत त्यांची वाफ होते, ती वाफ मातीत शिरते आणि थोडं खाली, थंड थरात, मातीच्या कणांवर बसते. तो थर पाणी मुरू देत नाही. जळिताची पाहणी करणारी माणसं वरची राख हाताने बाजूला सारतात, बाटलीतून पाण्याचा एक थेंब खालच्या मातीवर सोडतात आणि घड्याळाकडे बघत बसतात. चांगल्या मातीत थेंब टेकताक्षणी मुरतो. जळक्या मातीवर तो अळवावरच्या पाण्यासारखा गोल राहतो, कधी मिनिटभर, कधी त्याहून जास्त. किती सेकंद राहिला ते वहीत लिहून पुढच्या जागी जायचं. इतकी साधी ही परीक्षा आहे.

तिसरी गोष्ट दक्षिण कॅलिफोर्नियाच्या तीव्र उतारांवर विशेष दिसते. तिथल्या झुडपी रानाला चॅपराल म्हणतात. त्या झुडपांच्या बुंध्यांमागे वर्षानुवर्षं माती आणि बारीक खडी अडून राहिलेली असते. झुडूप जळालं की ती मोकळी होते आणि पावसाची वाट न पाहता, कोरडीच, घळीत घरंगळत येते. म्हणजे पहिला पाऊस पडायच्या आत ओढ्याच्या पात्रात माल भरून तयार असतो.

यावर लोंढा सुटायला किती पाऊस लागतो? आपल्याला पाऊस दिवसाच्या मिलिमीटरमध्ये मोजायची सवय. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, तो आकडा मुंबईकर विसरणार नाही. जळलेल्या डोंगराला एवढ्या पावसाची गरज नसते. डिसेंबर 2017 मध्ये थॉमस नावाच्या वणव्याने सांता बार्बरा आणि व्हेंचुरा परगण्यांत 2 लाख 81 हजार एकरांवर राख केली. तो वणवा पूर्णपणे आटोक्यात आल्याची घोषणाही झाली नव्हती, तोच 9 जानेवारी 2018 च्या पहाटे माँटेसिटो गावावर पाऊस कोसळला. पाच मिनिटांत साधारण 14 मिलिमीटर. कोकणातला माणूस हा आकडा ऐकून छत्रीही उघडणार नाही. पण हाच वेग तासभर राहिला असता तर दीडशे मिलिमीटरच्या वर गेला असता, आणि न मुरणाऱ्या मातीवर त्या पाच मिनिटांचाच हिशेब होतो. घळींमधून दगडमातीचे लोंढे निघाले, त्यात मोटारीहून मोठे धोंडे होते. 23 माणसं गेली, चारशेहून अधिक घरांचं नुकसान झालं आणि किनाऱ्याचा मुख्य महामार्ग, 101 क्रमांकाचा, जवळपास दोन आठवडे चिखलाखाली बंद राहिला.

अमेरिकेच्या भूगर्भीय सर्वेक्षण खात्याच्या आणि इतर अभ्यासकांनी नंतर लोंढ्याचा माग काढला. त्यात मोऱ्या आणि लहान पूल पुन्हा पुन्हा येतात. ओढ्याच्या पात्रात असलेला लोंढा रस्त्याच्या वाटेवर येतो, पुलाखालची जागा धोंड्यांनी आणि झाडांनी बुजते आणि मागचा लोंढा पात्र सोडून शेजारच्या गल्लीत शिरतो. गल्लीत घरं असतात. पाणी वाहून नेण्यासाठी बांधलेली जागाच लोंढ्याला वस्तीकडे वळवते. म्हणून मी तुंबलेल्या मोरीला नुसती रस्त्याची अडचण मानत नाही. ती खालच्या लोकांच्या जिवाची बाब आहे.

मोरी तुंबते कशी, यावर थोडं रेंगाळणार आहे. अभियंत्यांचा स्वाभाविक समज असा असतो की मोरी पडली म्हणजे पाणी जास्त झालं, तेव्हा नळ मोठा टाका. वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि उत्तर कॅलिफोर्नियातल्या जंगल रस्त्यांवर मोठ्या पुरांनंतर वन खात्याच्या अभ्यासकांनी मोडलेल्या मोऱ्या एकेक करून तपासल्या. निव्वळ पाण्याने हरलेल्या मोऱ्या थोड्या निघाल्या. बहुतेकींना गाळाने, ओंडक्यांनी किंवा वरून आलेल्या लोंढ्याने मारलं होतं. त्यातही लाकडाची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. तोंड बुजवायला भलाथोरला वृक्ष लागत नाही. नळाच्या व्यासापेक्षा जरा लांब अशी एक फांदी आडवी येऊन बसली की पुरे. तिच्यावर डहाळ्या अडतात, डहाळ्यांवर पाला अडतो, पाल्यावर वाळू बसते. थोड्या वेळात तिथं बांध तयार होतो, आणि तो कोणत्याही ठेकेदाराच्या बांधापेक्षा घट्ट असतो.

फांदी आडवी का येते? ओढा अरुंद असतो तेव्हा लाकूड प्रवाहाच्या दिशेने, टोक पुढे करून येतं आणि नळातून सुळकन निघून जातं. पण आपण मोरी बांधताना तोंडापाशी खोदून प्रशस्त जागा करतो, पंखभिंती ऐसपैस पसरतो. त्या डबक्यात पाणी मंदावतं, फिरतं आणि लाकूडही फिरून आडवं होतं. शिवाय नळाचा उतार ओढ्याच्या उतारापेक्षा कमी ठेवला असेल, आणि बहुधा तसाच असतो, तर वेग मंदावल्यावर गाळ तिथंच खाली बसतो. म्हणजे दिसायला नीटनेटकी मोरी तुंबायला जास्त सोयीची. ओढा ज्या रुंदीने आणि ज्या दिशेने येतो, तसाच त्याला आत घ्यावा, हे साधं तत्त्व आहे. पण आपल्या नकाशावर रस्त्याची रेघ आधी ओढली जाते, ओढ्याची नंतर.

आता उपाय. अमेरिकेच्या महामार्ग प्रशासनाच्या मार्गदर्शिकेत मोरीला कचऱ्यापासून वाचवणाऱ्या बांधकामांची वर्णनं आहेत. मोरीच्या वर काही अंतरावर पात्रात उभ्या खांबांची किंवा रुळांची ओळ ठोकायची, म्हणजे ओंडके तिथं अडतील. तोंडासमोर टोकदार पाचर उभी करायची, म्हणजे लाकूड दोन्ही बाजूंना वळेल आणि मध्ये पाण्याला वाट राहील. नळाच्या तोंडावर भोकं असलेली उभी नळी बसवायची, म्हणजे खाली गाळ साचला तरी पाणी वरच्या भोकांतून उतरत राहील. आणि जागा असेल तर मोरीच्या बऱ्याच वर गाळ साठवणारा मोठा खड्डा, डेब्रिस बेसिन.

लॉस एंजेलिसने हा शेवटचा मार्ग धरला, तोही जबर किंमत मोजून. नोव्हेंबर 1933 मध्ये शहराच्या उत्तरेला सॅन गॅब्रिएल डोंगराचा पायथा जळाला आणि 1934 च्या नववर्षाच्या मध्यरात्री ला क्रेसेंटा खोऱ्यावर लोंढा आला. चाळीसहून अधिक लोक मेले. पावसातून आसऱ्याला एका सभागृहात जमलेले बारा जण त्यात होते. तेव्हापासून परगण्याने घळींच्या तोंडाशी असे खड्डे बांधत नेले, आणि लोंढा आला की भरलेला माल ट्रकने उपसत राहायचं, हे काम आजतागायत चालू आहे. जॉन मॅकफी यांनी 1989 च्या ‘द कंट्रोल ऑफ नेचर’ या पुस्तकात या डोंगर-शहर भांडणावर लिहिलं आहे. पण खड्डासुद्धा शेवटी एका मोरीवरच अवलंबून असतो, ती त्याच्या तळाला असते. 2009 च्या स्टेशन वणव्यानंतर, 6 फेब्रुवारी 2010 च्या पहाटे, ला कॅन्याडा फ्लिंट्रिज इथल्या मलाली खड्ड्याच्या निचऱ्याच्या वाटेवर एक प्रचंड धोंडा येऊन बसला. पाणी बाहेर पडेना, खड्डा भरला आणि चिखल खालच्या रस्त्यांवरून घरांत गेला. एक धोंडा!

माझा मुद्दा इथं येतो. जाळी लावा, खांब ठोका, नळ मोठा करा. नळाचा व्यास दुप्पट केला तर तोंड चौपट होतं, फायदा निश्चित आहे. रॅट क्रीकलाही नवीन नळ आधीपेक्षा मोठाच घातला. पण या प्रत्येक उपायात मोरी तुंबणार नाही अशी आशा दडलेली आहे. वणव्यानंतरच्या पहिल्या दोन पावसाळ्यांत ही आशा महाग पडते. मोरी तुंबणार हे धरून चालावं आणि तुंबल्यावर पाणी कुठून जाईल ते आपण ठरवावं. आपण ठरवलं नाही तर पाणी ठरवतं.

ते काय ठरवतं? रस्ता सपाट असेल तर पाणी मोरीपाशीच भरावावरून उलटतं. नुकसान होतं, पण एका जागी. रस्ता उताराचा असेल तर वेगळंच घडतं. पाणी रस्त्याच्या कडेचं गटार धरतं आणि उताराने धावत सुटतं. पुढच्या मोरीपाशी पोचतं तेव्हा तिच्या वाट्याला स्वतःचा ओढा अधिक हा पाहुणा, दोन्ही येतात. तीही हरते. मग तिसरी. शेवटी हे सगळं पाणी अशा ठिकाणी रस्ता सोडतं जिथं मुळात ओढाच नव्हता, आणि कोवळ्या डोंगरउतारावर नवी घळ पाडतं. एका तुंबलेल्या मोरीचं नुकसान कोसभर पुढे उमटतं. जंगल रस्त्यांचे अभ्यासक याला प्रवाह वळण्याची शक्यता म्हणतात आणि प्रत्येक मोरीपाशी ती आधी तपासतात.

यावरचा उपाय इतका स्वस्त आहे की निविदा काढायला लाज वाटावी. मोरीच्या उताराकडच्या बाजूला, भराव जिथं पुन्हा मूळ जमिनीला टेकतो तिथं, रस्त्याच्या पृष्ठभागाला एक लांबट, उथळ खोलगट भाग द्यायचा. तुंबलेलं पाणी वर चढलं की त्या खोलगट भागातून रस्ता ओलांडतं आणि आपल्याच ओढ्यात परत उतरतं. उतरण्याच्या जागी दगडांचं पिचिंग करायचं. मोटार थोडी डुलते, एवढंच. कच्च्या रस्त्याला ग्रेडर चालवणाऱ्या माणसाने हे अर्ध्या दिवसात करावं. डांबरी महामार्गावर ते इतकं सोपं नाही, हे मान्य. तिथं जास्तीच्या पाण्यासाठी भरावात वरच्या पातळीवर दुसरा नळ घालतात.

आणि कमी वर्दळीच्या रस्त्यावर आणखी एक मार्ग आहे, तो मला सर्वांत आवडतो. मोरी काढूनच टाकायची. नळ उपटायचा, भराव हटवायचा आणि ओढ्याच्या तळाशी दगडी किंवा काँक्रीटची फरशी घालायची. आपल्याकडे फरशी पूल म्हणून जे आहे तेच. पुरात रस्ता बंद राहील, पूर उतरला की खराट्याने फरशी झाडून वाहतूक सुरू. अमेरिकन वन खातं जळीत क्षेत्रात हे मुद्दाम करतं. फरशी म्हणजे मागासलेपणा, पूल म्हणजे विकास, असं आपल्याकडच्या पुढाऱ्यांनी इतकी वर्षं शिकवलं की फरशीची बाजू घ्यायलाही आता धीर लागतो.

हे सगळं करायला वेळ किती मिळतो? डोलन वणवा ऑगस्टचा आणि लोंढा जानेवारीचा. माँटेसिटोला पाच आठवडे. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश या आपल्या चालीने जायचं तर पाऊस नेहमीच पहिला येतो. म्हणून अमेरिकन वन खात्याने 1970 च्या दशकापासून एक स्वतंत्र व्यवस्था ठेवली आहे. जळीत क्षेत्रासाठी तातडीचं पथक. त्यात मृदातज्ज्ञ, जलतज्ज्ञ, भूगर्भतज्ज्ञ आणि रस्त्याचा अभियंता असतात. आग धुमसत असतानाच ते आत शिरतात. उपग्रहाच्या चित्रांवरून कुठं किती तीव्रतेने जळलं याचा नकाशा करतात, मगाशी सांगितलेल्या थेंबाच्या परीक्षेने तो जमिनीवर पडताळतात आणि आग आटोक्यात आल्यापासून आठवड्याभरात अहवाल देतात. कोणत्या मोरीच्या खाली काय आहे, घर, शाळा, पिण्याच्या पाण्याचा स्रोत, यावरून क्रम लागतो. सगळ्या मोऱ्या वाचवायला पैसे नसतात, आणि ते अहवालात स्पष्ट लिहिलेलं असतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

प्लास्टिकचे नळही इथंच सांगतो. ते हलके, स्वस्त आणि गंजत नाहीत म्हणून सर्रास वापरले जातात, पण आगीत तोंडापासून वितळतात आणि जळतात. वरून रस्ता ठीक दिसतो आणि खाली नुसती पोकळी. जळीत क्षेत्रात जड यंत्र आत नेण्याआधी मोरीत बॅटरी मारून पाहायची असते ती यासाठी.

सगळ्यात अवघड प्रश्न माणसांचा. जाळी लावली की ती साफ करायला कोणी तरी हवं. साफ न केलेली जाळी स्वतःच धरण होते, आणि फुटली की जाळी नसती तर बरं झालं असतं असं म्हणायची पाळी येते. म्हणून पावसात गस्त घालतात. पोकलेन मोक्याच्या जागी आधीच आणून ठेवतात आणि चालक हाकेच्या अंतरावर असतो. आपल्या रस्त्यांवर पूर्वी हेच काम मैलकुली करत. ठरलेल्या मैलांतली प्रत्येक मोरी त्यांना तोंडपाठ असे, कुठं फांदी अडते आणि कुठं दगड येतो हे वहीत न पाहता सांगत. ती जागा भरणं बंद झालं, तेव्हा कुणी हिशेब मांडला नाही.

पण जळलेल्या घळीखाली लोंढा उतरत असताना माणूस मोरीवर उभा करायचा का? कोलोरॅडो राज्यातल्या ग्लेनवुड कॅनियनने याचं उत्तर दिलं. ऑगस्ट 2020 मध्ये ग्रिझली क्रीक वणव्याने या दरीच्या दोन्ही भिंती जाळल्या. दरीतून कोलोरॅडो नदी, रेल्वे आणि 70 क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग जातो. पुढच्या उन्हाळ्यात वादळी पावसाचे लोंढे एकामागून एक आले. 29 जुलै 2021 च्या रात्री शंभराहून अधिक माणसं दरीत अडकली, काहींनी रात्र हँगिंग लेक बोगद्यात काढली. महामार्ग दोन आठवडे बंद राहिला. तिथल्या वाहतूक खात्याचा नियम असा होता की हवामान खात्याने अचानक पुराचा संभाव्य इशारा दिला की कर्मचारी आणि यंत्रं तयार ठेवायची, आणि प्रत्यक्ष इशारा आला की दरी रिकामी करायची, कर्मचाऱ्यांसकट. मोरी जाईल तर जावो. तक्रारी भरपूर झाल्या, कारण वळसा कित्येक तासांचा होता. माझ्या मते तो नियम बरोबर होता.

आता आपल्याकडचं. सह्याद्रीतले फेब्रुवारी ते मे मधले वणवे बहुतांशी गवताचे असतात, आग झपाट्याने पुढे सरकते आणि जमीन खोलवर तापत नाही. मुळं टिकतात. त्यामुळे कॅलिफोर्नियाचं चित्र जसंच्या तसं आपल्या घाटांवर चिकटवू नये. उत्तराखंडात चिडाच्या जंगलांची आग जास्त गंभीर आहे. एप्रिल-मे-जूनमध्ये जंगल पेटतं आणि काही आठवड्यांतच मोसमी पाऊस येतो. 2016 आणि 2024 ची तिथली आग आपण बातम्यांत पाहिली. वन खातं जळालेले हेक्टर मोजतं, बांधकाम खातं दरडी मोजतं, आणि जळक्या उताराखालच्या मोऱ्यांची यादी करणं हे दोघांपैकी कुणाच्याच कामात बसत नाही.

महाराष्ट्रात दर मे महिन्यात मोऱ्यांची पावसाळ्यापूर्वीची सफाई होते, कागदावर तरी होतेच. त्यासाठी प्रत्येक उपविभागात मोऱ्यांची नोंदवही असते. साखळी क्रमांक, प्रकार, व्यास, स्थिती, शेरा. त्या वहीत एक रकाना वाढवावा अशी माझी सूचना आहे: तुंबली तर पाणी कुठं जाईल. हा रकाना कार्यालयात बसून भरता येत नाही. मोरीवर उभं राहून उताराच्या दिशेने चालत जावं लागतं, पुढच्या मोरीपर्यंत, आणि खाली वस्ती असेल तर तिथं उतरून विचारावं लागतं की मागच्या मोठ्या पावसात पाणी कोणत्या अंगाने आलं होतं. शाखा अभियंत्याचे दोनतीन दिवस जातील. पैसे लागणार नाहीत, म्हणून कदाचित कुणाला सुचत नसेल.